रेवस ते रेडी : खाड्यांच्या काठावर थांबलेला महामार्ग

रायगड जिल्ह्यातील रेवस बंदरापासून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील रेडीपर्यंत कोकण किनाऱ्याला समांतर जाणारा सागरी महामार्ग हा महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या आणि तितक्याच दीर्घकाळ रेंगाळलेल्या रस्त्यांपैकी एक आहे. शासकीय कागदपत्रांत ‘प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४’ अशी त्याची नोंद आहे. मात्र प्रवाशाला तो एकसंध महामार्ग म्हणून कधीच भेटत नाही. काही किलोमीटर चांगला रस्ता, मग वाड्यांमधून जाणारी अरुंद वाट, मग घाट आणि अखेरीस समोर पसरलेली खाडी, असा त्याचा क्रम असतो. खाडीवर पूल असेल तर प्रवास पुढे चालू राहतो. पूल नसेल तर फेरीबोटीची वाट पाहावी लागते, आणि फेरी बंद झालेली असेल तर मागे फिरून राष्ट्रीय महामार्ग गाठण्याखेरीज गत्यंतर नसते.

राज्याच्या २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात या मार्गासाठी ९,५७३ कोटी रुपयांच्या खर्चाची घोषणा करण्यात आली. त्या वेळी मार्गाची लांबी ५४० किलोमीटर सांगितली गेली होती. पुढे हे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आले, आखणीत बदल झाले आणि मोठ्या खाड्यांवरील पुलांच्या निविदा निघून कामे कंत्राटदारांना देण्यात आली. चार दशके कागदावर राहिलेला हा रस्ता आता प्रत्यक्षात येण्याची चिन्हे दिसू लागली आहेत. या पार्श्वभूमीवर तो इतकी वर्षे का अडला, तो नेमका कोणासाठी हवा आहे आणि तो पूर्ण होताना किनाऱ्याला काय मोजावे लागेल, हे तीन प्रश्न नव्याने विचारात घेणे आवश्यक ठरते.

भूगोलाने घातलेला पेच

कोकणची पट्टी चिंचोळी आहे. एका बाजूला सह्याद्रीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, यांमधील अंतर बहुतेक ठिकाणी शंभर किलोमीटरपेक्षाही कमी आहे. सह्याद्रीवर पडणारा धुवाधार पाऊस आखूड पण वेगवान नद्यांच्या रूपाने पश्चिमेकडे वाहतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली ही त्यांपैकी काही नावे. या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या तयार करतात आणि भरतीचे पाणी या खाड्यांमधून बरेच आतवर शिरते. महाड, चिपळूणजवळील गोवळकोट आणि राजापूर ही जुनी बंदरे समुद्रकाठी नव्हे, तर भरतीचे पाणी जेथपर्यंत पोहोचते त्या टोकाला वसली, ती याच कारणाने. तेथे गलबतातून माल उतरवायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढवून देशावर न्यायचा, अशी शेकडो वर्षांची व्यवस्था होती.

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाची आखणी झाली तेव्हा हाच भूगोल निर्णायक ठरला. नदी जेथे अरुंद होते तेथे पूल बांधणे स्वस्त आणि सोपे असते. त्यामुळे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७, म्हणजेच २०१० च्या फेररचनेनंतरचा क्रमांक ६६, समुद्रापासून दूर, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, कणकवली, कुडाळ अशा गावांवरून गेला. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने राष्ट्रार्पण झालेल्या कोकण रेल्वेनेही सर्वसाधारणपणे हाच आतला पट्टा धरला.

या आखणीचा परिणाम फणीच्या उपमेने समजून घेता येईल. राष्ट्रीय महामार्ग हा फणीचा कणा मानला, तर त्यातून पश्चिमेकडे निघणारे रस्ते हे तिचे दाते होत. चिपळूणहून गुहागर, खेडहून दापोली, कुडाळहून मालवण, सावंतवाडीहून वेंगुर्ले, असा प्रत्येक दाता समुद्रापर्यंत जाऊन संपतो. शेजारच्या दात्याच्या टोकावरील गाव डोळ्यांना दिसत असते. संध्याकाळी तेथील दिवेही दिसतात. पण तेथे जायचे तर कण्यापर्यंत मागे यावे लागते आणि दुसऱ्या दात्याने पुन्हा खाली उतरावे लागते. दापोलीहून खेड आणि चिपळूणमार्गे गुहागरला जायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडते. दाभोळ येथे खाडी ओलांडली तर हेच अंतर निम्म्याहूनही कमी होते. खाडीचे पाणी मात्र मध्ये असते.

या विसंगतीचे एक लक्षणीय उदाहरण देशभर परिचित आहे. एन्रॉन कंपनीमुळे १९९० च्या दशकात गाजलेला ‘दाभोळ’ वीज प्रकल्प प्रत्यक्षात दाभोळ गावी नाही. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात आहे. नकाशावर ही दोन ठिकाणे एकमेकांना खेटून आहेत. तालुके, बाजारपेठा, रुग्णालये आणि रस्ते यांच्या हिशेबात मात्र ती दोन वेगळ्या जगांत आहेत.

समुद्र हाच जेव्हा रस्ता होता

किनाऱ्यावरील ही गावे पूर्वी अशी तुटलेली नव्हती. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना परिचित असलेले चौल, बहामनी काळात भरभराटीला आलेले दाभोळ, मराठ्यांच्या आरमाराचे विजयदुर्ग ही एकेकाळी व्यापाराची आणि सत्तेची केंद्रे होती. समुद्र हाच त्यांचा राजमार्ग होता. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या बोटी आल्या आणि मुंबईशी नियमित प्रवासी वाहतूक सुरू झाली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांत बोट लागत असे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्यावर येत. गिरण्यांमध्ये काम करणारा कोकणी माणूस गणपतीला, शिमग्याला गावी येई तो बहुधा याच मार्गाने. पावसाळ्यात बोटी बंद असत, आणि त्या चार महिन्यांत किनारा मुंबईला दुरावलेला असे.

या प्रवासाची जोखीमही मोठी होती. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरलेला नसताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. आज ज्या रेवसपासून सागरी महामार्गाची गणना सुरू होते, त्याच रेवसच्या वाटेवर भारताच्या जलवाहतुकीच्या इतिहासातील ही एक मोठी दुर्घटना घडली, हे येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर रस्ते सुधारले, राज्य परिवहनची गाडी गावोगावी पोहोचू लागली आणि प्रवासी बोटींची वाहतूक हळूहळू मागे पडून अखेर थांबली. मुंबईकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे अधिक सुरक्षित आणि बारमाही झाला. मात्र त्याच वेळी किनाऱ्यावरील एका गावाचा दुसऱ्या गावाशी असलेला थेट संबंध सैल झाला. बोटीने जोडलेला किनारा रस्त्याने तुटला, असे या बदलाचे वर्णन करता येईल. सागरी महामार्गाची मागणी समजून घ्यायची तर हा तुटलेला दुवा ध्यानात घ्यावा लागतो.

एका कल्पनेचा चार दशकांचा प्रवास

रेवस ते रेडी या सलग सागरी मार्गाची कल्पना १९८० च्या सुमारास मांडली गेली. तिचे श्रेय तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांना दिले जाते. जून १९८० ते जानेवारी १९८२ या त्यांच्या कारकिर्दीतच, १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. अंतुले यांचे मूळ गाव आंबेत हे सावित्री नदीच्या काठचे. खाडीच्या दोन तीरांमधील अंतर म्हणजे काय, हे त्यांना नकाशावरून शिकावे लागले नसावे.

त्यानंतरच्या काळात हा मार्ग एकाच वेळी बांधला गेला नाही, तर तुकड्यातुकड्यांनी साकारत गेला. गावाला जोडणारे जिल्हा मार्ग एकत्र गुंफून त्यांना राज्य महामार्गाचा दर्जा देण्यात आला. लहान खाड्यांवर आणि नद्यांवर पूल झाले. रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा कुंडलिकेवरील पूल, अंजर्ले येथील जोग नदीवरील पूल, रत्नागिरीचा भाट्ये पूल, पूर्णगड-गावखडी पूल, जैतापूरचा पूल अशी उदाहरणे देता येतील. गणपतीपुळे आणि रत्नागिरी यांच्या दरम्यान आरे-वारे येथून समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता तर पर्यटकांच्या विशेष पसंतीस उतरला. दोन टेकड्यांमधील लहान पूल झाल्याने काय साधते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

मोठ्या खाड्या मात्र तशाच राहिल्या. धरमतर खाडीच्या मुखावरील रेवस-करंजा, राजपुरी खाडीवरील आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट खाडीवरील बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ-धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ-जयगड ही त्यांतील प्रमुख ठिकाणे होत. यांपैकी बाणकोट खाडीवरील पुलाचे काम गेल्या दशकात सुरू होऊन अर्ध्यावर थांबले. खाडीत उभे राहिलेले त्याचे अपुरे खांब हे या संपूर्ण प्रकल्पाच्या रखडपट्टीचे प्रतीकच बनून राहिले.

रखडण्याची कारणे एकाच सरकारच्या अथवा एकाच विभागाच्या माथी मारता येणार नाहीत. खाडीमुखावरील पूल खर्चिक असतात. पाया खोल घ्यावा लागतो. मच्छीमार नौका आणि मालवाहू जहाजे खालून जाऊ शकतील इतकी उंची ठेवावी लागते. किनारपट्टी नियमन क्षेत्राची, वन विभागाची आणि बंदर यंत्रणेची परवानगी लागते. एवढे करून त्या पुलावरून जाणाऱ्या वाहनांची संख्या सुरुवातीला कमीच असणार, असे गणित मांडले जाते. निधीची चणचण असली की अशा प्रकल्पांचा क्रमांक साहजिकच शेवटी लागतो. राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण हे या काळात सर्वांत निकडीचे काम मानले गेले. २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झालेले तेही वारंवार मुदती ओलांडत राहिले, ही बाब वेगळी.

फेरीबोटीने दिलेला धडा

शासनाचे पूल होत नसताना एक पर्यायी व्यवस्था उभी राहिली. २००३ मध्ये दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान वाहनांसह प्रवाशांना नेणारी फेरीबोट सुरू झाली. कोकणात तिला ‘जंगलजेटी’ असेही म्हटले जाते. पुढे बाणकोट, जयगड आणि दिघी येथेही अशा फेऱ्या सुरू झाल्या. दुचाकीपासून बसपर्यंतची वाहने बोटीवर चढू लागली आणि जेथे तासन्‌तास लागत तेथे काही मिनिटांत पलीकडचा किनारा गाठता येऊ लागला. रेवसहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागर, रत्नागिरी गाठणारा प्रवासी वर्ग मुख्यतः या फेऱ्यांमुळे तयार झाला.

या अनुभवातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाहतूक नाही म्हणून पूल नको, हा युक्तिवाद उलटा आहे. सोय झाली की वाहतूक निर्माण होते. दुसरा निष्कर्ष फेरीच्या मर्यादांविषयीचा आहे. फेरी रात्री ठरावीक वेळेनंतर बंद होते. समुद्र खवळला, वादळाचा इशारा आला, की ती थांबते. दिवसा हा केवळ गैरसोयीचा विषय असतो. रात्री एखादी बाळंतीण अडली अथवा सर्पदंश झालेल्या रुग्णाला हलवायचे असले, तर तोच जीवन-मरणाचा प्रश्न होतो. खाडीपलीकडचे रुग्णालय जवळ असूनही रुग्णवाहिकेला दूरच्या तालुक्याची वाट धरावी लागते. या मार्गाच्या उपयुक्ततेचा हिशेब पर्यटकांच्या संख्येवर मांडण्याची प्रथा पडली असली, तरी त्याची खरी निकड अशा रात्रींमध्ये आहे.

पूल झाले म्हणजे प्रश्न कायमचा सुटला, असेही समजण्याचे कारण नाही. आंबेत-म्हाप्रळ येथील सावित्रीवरील पूल २०२१ नंतर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवावा लागला आणि तेव्हा तेथे फेरीबोटीचाच आधार घ्यावा लागला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह इतर वाहनांतील प्रवाशांचा अंत झाला. मृतदेहांचा शोध थेट खाडीच्या मुखापर्यंत घ्यावा लागला होता. शेजारच्या राज्यांचा अनुभवही सावध करणारा आहे. गोव्यात मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो बांधून दोन दशकेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत लोखंडाला लागलेला गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. कर्नाटकात कारवारजवळ काळी नदीवरील जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पडला आणि एक मालमोटार नदीत कोसळली. समुद्रकाठचा पूल बांधणे हा एकदाचा खर्च असतो, पण तो जपणे ही कायमची जबाबदारी असते. अर्थसंकल्पातील घोषणांमध्ये या दुसऱ्या खर्चाचा उल्लेख सहसा आढळत नाही.

बदललेली परिस्थिती

आताच या प्रकल्पाला गती का आली, याचे उत्तर काही प्रमाणात मुंबईच्या विस्तारात सापडते. शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्यामुळे मुंबईहून उरण परिसरात पोहोचण्याचा वेळ कमालीचा घटला. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. उरण तालुक्यातील करंजा आणि अलिबाग तालुक्यातील रेवस यांच्यामध्ये केवळ धरमतर खाडीचे मुख आहे. होडीने हे अंतर थोडक्या वेळात कापता येते, पण मोटारीने पेण-वडखळमार्गे मोठा वळसा पडतो. रेवस-करंजा पूल झाला की अलिबाग हे व्यवहारतः मुंबईचे उपनगर होईल आणि त्यापुढचा सारा किनारा महानगराच्या कक्षेत येईल. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहनांसह जाणारी बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हाच या बदलाची चाहूल लागली होती.

दिघी येथील बंदर आणि त्यालगतचे नियोजित औद्योगिक क्षेत्र, जयगडचे बंदर, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ हे सर्व या मार्गालगत अथवा त्याच्या जवळ आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग याच किनाऱ्यावर आहेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे, केशवसुतांचे मालगुंड, स्वामी स्वरूपानंदांचे पावस, कोर्लई येथे आजही बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली, अशा अनेक ठिकाणांना हा रस्ता स्पर्श करतो. पर्यटनाच्या दृष्टीने त्याचे मोल सांगण्यास वेगळ्या प्रचाराची गरज नाही.

किंमत कोणी मोजायची ?

येथूनच दुसऱ्या बाजूचे प्रश्न सुरू होतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने या मार्गालगत १३ विकास केंद्रे प्रस्तावित करून त्यांतील १०५ गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. रस्ता बांधणारी यंत्रणाच रस्त्याकडेच्या जमिनीचे नियोजन करणार, असा याचा अर्थ होतो. रस्त्याचा खर्च जमिनीच्या वाढत्या मूल्यातून भरून काढणे हा आर्थिकदृष्ट्या मान्य असलेला मार्ग आहे. परंतु ग्रामपंचायती आणि ग्रामसभा यांचा त्यातील वाटा कोणता, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार होतो.

कोकणात जमीनधारणा लहान आहे. एका सातबाऱ्यावर अनेक नावे असतात आणि त्यांतील बरीच मंडळी मुंबई-पुण्यात असतात. महामार्गाची नुसती आखणी जाहीर झाली तरी जमिनीचे भाव चढतात, दलालांच्या फेऱ्या सुरू होतात आणि पैशाची निकड असलेला हिस्सेदार आधी विकतो. मोबदला मिळेपर्यंत जमीन मूळ मालकाकडे उरलेली नसते. राज्यात अन्यत्र मोठ्या रस्त्यांच्या वेळी हे घडलेले आहे. किनाऱ्यावर त्याचा वेग अधिक असण्याची शक्यता आहे, कारण समुद्राचे दर्शन घडविणारी जागा मर्यादित असते.

रस्त्याची रुंदी हा आणखी एक वादाचा मुद्दा आहे. नागाव, चौल, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, गुहागर या गावांतून जाणारा सध्याचा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, दगडी गडग्यांना घासत जातो. तो रुंद करायचा तर वाड्या आणि घरे जातात. गावाबाहेरून वळणरस्ता काढायचा तर भातशेती, खाजण अथवा कातळाचा सडा यांवर आक्रमण होते. सडा म्हणजे ओसाड माळ, ही समजूतही आता टिकणारी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला आहे. पावसाचे पाणी मुरवून खालच्या गावांच्या विहिरींना पुरवठा करण्यातही या सड्यांचा वाटा मोठा आहे.

खाड्यांच्या काठी कांदळवने आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील निकालात राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली असून सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठीही न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरविली आहे. कांदळवने वादळाचा तडाखा झेलतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली परिसरातील बागायत उद्ध्वस्त केली, तेव्हा किनाऱ्याच्या या नैसर्गिक संरक्षणाचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले. त्याच वादळाने आणखी एक बाजूही दाखवून दिली. पडलेल्या झाडांनी रस्ते अडले आणि अनेक गावे कित्येक दिवस मदतीची वाट पाहत राहिली. किनाऱ्याने जाणारी दुसरी वाट असती तर मदत अधिक लवकर पोहोचली असती. म्हणजेच रस्ता हवा हेही खरे आणि तो कसाही चालणार नाही हेही तितकेच खरे.

मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम दोन दशकांहून अधिक काळ गावकऱ्यांच्या सहभागाने चालू आहे. विणीच्या हंगामात पर्यटक येतात, गावातील घरांतच उतरतात आणि पिलांना समुद्राकडे जाताना पाहून परततात. लहान प्रमाणावरील, गावाच्या हाती असलेल्या पर्यटनाचे हे उदाहरण सर्वत्र वाखाणले जाते. बाणकोटचा पूल पूर्ण झाल्यावर वेळास मुंबईच्या बरेच जवळ येईल. त्या वेळी किनाऱ्यावरील काळोख आणि शांतता टिकवण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे लागेल. मादी कासव उजेडाच्या आणि गोंगाटाच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येत नाही.

मच्छीमारांचा प्रश्नही स्वतंत्र विचार मागतो. पुलाच्या खांबांमुळे प्रवाहाची दिशा बदलली तर गाळ कोठे साचेल, नौकांना ये-जा करण्यास किती वाव राहील आणि बांधकामाच्या वर्षांत खाडीतील मासेमारीचे नुकसान कोण भरून देणार, हे त्यांचे प्रश्न आहेत. शेतजमिनीच्या भूसंपादनात सातबारा असतो. खाडीतील पारंपरिक मासेमारीच्या जागेला तसा उतारा नसतो. त्यामुळे भरपाईच्या यादीत कोळी आणि भोई कुटुंबांची नावे बहुधा शेवटी येतात. शिवाय फेरीबोटींवर आणि धक्क्यांवरील लहान दुकानांवर अवलंबून असलेल्यांचा रोजगारही पूल होताच संपुष्टात येईल.

प्राधान्य कशाला ?

कोकणात सध्या एकाच दिशेने जाणाऱ्या तीन रस्त्यांची चर्चा आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६, रेवस-रेडी सागरी मार्ग आणि प्रस्तावित कोकण द्रुतगती महामार्ग हे ते तीन होत. या तिघांचे काम वेगवेगळे आहे, हे स्पष्टपणे मांडले जाणे गरजेचे आहे. गोव्याकडे अथवा दक्षिणेकडे वेगाने जाणारी वाहतूक आणि अवजड माल यांसाठी आतला महामार्ग आहे. किनाऱ्यावरील एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडणे हे सागरी मार्गाचे काम आहे. देवगडचा आंबा, हर्णैची मासळी, गुहागरचा विद्यार्थी, मुरुडचा रुग्ण यांच्यासाठी तो आहे. त्याला द्रुतगती मार्गाचे रूप देण्याचा मोह झाला, तर वेग वाढेल. पण ज्या गावांसाठी तो आखला गेला ती गावे रस्त्याच्या एका बाजूला आणि समुद्र दुसऱ्या बाजूला, अशी नवी फाळणी होण्याचा धोका संभवतो.

यावरून कामाचा क्रमही सुचतो. या मार्गाची खरी उणीव रुंदीची नसून सलगतेची आहे. पाच मोठ्या खाड्यांवर पूल झाले आणि सध्याच्या दुपदरी रस्त्याची वळणे, मोऱ्या आणि कमकुवत पूल सुधारले, तर मूळ उद्दिष्टाचा मोठा भाग साध्य होतो. भूसंपादनही तुलनेने कमी लागते. रुंदीकरण आणि विकास केंद्रे यांचा निर्णय त्यानंतर, प्रत्यक्ष वाहतूक पाहून आणि ग्रामसभांना विश्वासात घेऊन करता येईल. आधी रुंदीकरण आणि मग पूल, असा उलटा क्रम लागला, तर रुंद रस्ता पुन्हा खाडीच्या काठावरच येऊन थांबेल आणि गेल्या चार दशकांची पुनरावृत्ती होईल.

देशाच्या अन्य किनारी राज्यांतही सागरी रस्त्यांच्या योजना आखल्या जात आहेत. त्या दृष्टीने रेवस-रेडी मार्गाचा अनुभव केवळ कोकणापुरता मर्यादित राहणार नाही. हा रस्ता पूर्ण झाला की नाही, हे उद्‌घाटनाच्या फितीवरून ठरणार नाही. शेवटची फेरी निघून गेल्यावर दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलेल्या रुग्णवाहिकेला पलीकडे जाता येते काय, आणि ती ज्या गावातून आली ते गाव तोवर तेथील माणसांचेच राहिले आहे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरूनच त्याचे यश मोजले जाईल.